वाक्य चांगलं कशानं होतं?

फेब्रुवारी संपत आला की मराठी घरांतले फोन एकाच तऱ्हेच्या मजकुरानं भरून जातात. ‘चिमा काय कामाची’, ‘रामाला भाला मारा’, ‘तो कवी डालडा विकतो’. पुढून वाचा नाहीतर मागून, तेच. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि म्हणून मराठी भाषा गौरव दिन. नाशिककरांना तो घरचाच वाटतो, कारण तात्यासाहेब याच गावात राहिले आणि १० मार्च १९९९ रोजी इथेच गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून या दिवसाचा उत्साह आणखी वाढला आहे.

पण या गमतीच्या वाक्यांसोबत एक खरा प्रश्नही येतो. वाक्य चांगलं आहे, असं आपण कशावरून म्हणतो? शुद्धलेखन बरोबर असलं की झालं? छोटं असलं की झालं? हल्ली फोनमधलं यंत्रसुद्धा बिनचूक मराठी वाक्यं हवी तेवढी लिहून देतं. त्यामुळे बिनचूक वाक्य आणि चांगलं वाक्य यांतला फरक सांगता येणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

माझं उत्तर असं: चांगल्या वाक्यात प्रत्येक शब्द आपल्या जागी बसलेला असतो आणि त्या जागेनंच अर्धा अर्थ सांगितलेला असतो. शब्द हलवला की काहीतरी सांडतं. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून वाक्यं उघडूनच पाहू.

मराठी वाक्याचं ओझं कुठे असतं?

शाळेत शिकलेलं आठवा: कर्ता, कर्म, क्रियापद. ‘आईने लाडू केले.’ करणारी आई आधी, केलेली वस्तू मध्ये, क्रिया शेवटी. मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येतं आणि तिथेच कळतं की गोष्ट घडली, घडणार आहे की राहूनच गेली. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत तारांचा सगळा ताण ओळीच्या टोकाच्या खांबावर येतो. तो खांब कच्चा असेल तर मधले खांब कितीही चांगले असोत, मांडव झुकतो. मराठी वाक्यात टोकाचा खांब म्हणजे क्रियापद.

दुसरी महत्त्वाची जागा क्रियापदाच्या अगदी अलीकडची. ‘रमेशने पैसे दिले’ हे साधं सांगणं झालं. ‘पैसे रमेशने दिले’ म्हटलं की लक्ष रमेशवर जातं. कोणी दिले, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. आणि ‘पैसे दिले रमेशने’ असं म्हटलं की ऐकणारा पुढचं वाक्य आपण होऊनच जोडतो: ‘आणि नाव झालं सुरेशचं.’ शब्द तेच तीन. जागा बदलल्या आणि पहिल्यात माहिती होती तिथे तिसऱ्यात तक्रार आली.

मराठीकडे याहून बारीक हत्यारही आहे. ‘च’ हे एवढंसं अव्यय घ्या. ‘आईनेच लाडू केले’, म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. ‘आईने लाडूच केले’, म्हणजे चिवडा नाही, करंज्या नाहीत. ‘आईने लाडू केलेच’, म्हणजे डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून बजावलं होतं, तरीही. या तिसऱ्या वाक्यात अख्खी आई उभी राहते, आणि ती एका अक्षरानं उभी केली आहे.

उलटसुलट वाक्यं: खेळ काय आहे आणि कुठे फसतो

पुढून-मागून सारखं वाचता येणाऱ्या वाक्याला विलोमवाक्य म्हणतात. मराठीत हा खेळ अक्षरांवर चालतो, सुट्या ध्वनींवर चालत नाही. ‘रा’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण त्यात ‘र्’ आणि ‘आ’ असे दोन ध्वनी आहेत. ‘रामाला भाला मारा’ हे ध्वनीनिशी उलटं केलं तर सुरुवातच ‘आर्’ अशी होईल. म्हणजे हा डोळ्यांचा खेळ आहे, कानांचा नाही.

नीट पाहिलं तर फोनवरच्या बऱ्याच वाक्यांत थोडी सवलत घेतलेली सापडते. ‘चिमा काय कामाची’मध्ये पहिली ‘चि’ ऱ्हस्व, शेवटची ‘ची’ दीर्घ. ‘तो कवी डालडा विकतो’मध्येही ‘वी’ आणि ‘वि’. ‘भाऊ तळ्यात उभा’ जुळवण्यासाठी ‘उभा’चा ‘उ’ दीर्घ लिहावा लागतो. ‘ती होडी जाडी होती’ अक्षरांत तंतोतंत बसतं, पण होडीला जाडी कोण म्हणतं? होडी मोठी असते, रुंद असते, जुनी असते. व्याकरण पास झालं आणि भाषा नापास. ‘टेप आणा आपटे’ मात्र मला मनापासून आवडतं. कचेरीत कोणीही सहज बोलेल असं ते आहे, आणि आपटे नावाचे गृहस्थ डोळ्यांसमोर उठूनही जातात.

‘तो कवी डालडा विकतो’ इतकी वर्षं का टिकलं, याचंही कारण हेच. त्यात माणूस आहे. कविता करणारा आणि पोटासाठी डालडा विकणारा. अक्षरांची कसरत बाजूला ठेवली तरी चार शब्दांत एक आयुष्य उरतं.

या खेळाची मोठी परंपराही गोदाकाठचीच आहे. सोळाव्या शतकातल्या दैवज्ञ सूर्यकवीनं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिलं. त्याचे संस्कृत श्लोक पुढून वाचले की रामाची कथा आणि मागून वाचले की कृष्णाची. हा कवी गोदावरीच्या खोऱ्यातल्या पार्थपूरचा. अशी रचना करायला किती बुद्धी लागत असेल, या विचारानं थक्क व्हायला होतं. तरीही अशा काव्यासमोर आपण आधी कारागिरीला दाद देतो आणि कथेकडे मागाहून वळतो.

‘काका, मला वाचवा’

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा.

‘काका, वाचवा, काका!’

‘काका, मला वाचवा!’

पहिलं पक्कं विलोमवाक्य आहे. का-का-वा-च-वा-का-का. कुठेही सवलत नाही. दुसरं तसं नाही, पण लोकांच्या तोंडी अडीचशे वर्षं तेच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हाची ही हाक म्हणून सांगतात.

तीनच शब्द आहेत. पहिला नात्याचा: जीव घेणारे मागे लागलेत आणि पोरगा धावतोय काकाकडे, ज्या काकावर पुढे कटाचा ठपका आला. दुसरा शब्द ‘मला’. विलोमवाक्य जुळवताना नेमका हाच शब्द गाळावा लागतो, आणि तो गेला की हाक कोणाचीही होते. तिसरं क्रियापद, टोकाला. तेही ‘वाचव’ नाही, ‘वाचवा’. मारणारा येऊन ठेपलाय, मारला जाणारा स्वतः पेशवा आहे, तरी काकांना अहोजाहोच. उलटसुलट वाक्यात शेवटी पुन्हा ‘काका’ येतं आणि वाक्य वळून मागे जातं. खऱ्या वाक्यात शेवटी विनवणी येते आणि ती तशीच लोंबकळत राहते.

याच प्रकरणातली दुसरी दंतकथा ‘ध’चा ‘मा’. नारायणरावास ‘धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून ‘मारावे’ केलं, असं म्हणतात. असं खरोखर घडलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण ही कथा मराठी माणसाला पटते कशी, ते पाहा. बदल क्रियापदात आहे. वाक्यातलं बाकी काहीही बदललं असतं तर घोटाळा झाला असता. टोकाच्या क्रियापदातलं अक्षर बदललं आणि जीव गेला. गंगापूर रोडवरून जाताना लागणारी आनंदवली हे राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्याशी जोडलेलं गाव. आता तिथे इमारती उभ्या आहेत, पण नाव त्या बाईंचंच आहे.

पूर्णविराम नव्हते तेव्हा लोक वाचत कसे होते?

‘मारू नका सोडा’ हे वाक्य अनेकांनी शाळेत सोडवलं असेल. ‘मारू नका, सोडा’ म्हटलं तर माणूस वाचतो. ‘मारू, नका सोडा’ म्हटलं तर मरतो. स्वल्पविरामाचं महत्त्व शिकवायला हे चांगलं आहे, पण त्यावरून असं वाटतं की विरामचिन्हं नसती तर मराठीचा गोंधळच उडाला असता.

प्रत्यक्षात ही चिन्हं आपल्याकडे उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. त्याआधीची मोडीतली पत्रं, हिशेब, हुकूम यांत शब्दाशब्दांत मोकळी जागाही नसायची. ओळीखाली ओळ, सलग. तरी राज्यकारभार चालला, कारण वाक्य कुठे संपलं ते क्रियापद सांगत होतं. ‘केले’, ‘पाठविले’, ‘जाणिजे’ आलं की वाचणारा थांबायचा. मराठीचा पूर्णविराम शब्दातच होता.

लांब वाक्य म्हणजे वाईट वाक्य का?

‘वाक्य छोटं लिहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक वेळा तो योग्यही असतो. पण या सल्ल्याला जबरदस्त उत्तर नाशिकच्याच दगडात कोरलेलं आहे.

शहराबाहेर मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं, त्याची ही नोंद. सुरुवातीला वर्ष, पक्ष, दिवस. मग राजाचं वर्णन सुरू होतं आणि थांबतच नाही. कोणकोणत्या देशांचा राजा, कोणकोणत्या पर्वतांचा स्वामी. ‘तिसमुदतोयपीतवाहनस’: ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं. ‘पोरजननिविसेससमसुखदुखस’: प्रजेच्या सुखदुःखाशी ज्याचं सुखदुःख एक होतं. एकामागून एक शब्दाच्या टोकाला ‘स’ येत राहतो. हा ‘स’ म्हणजे आपला ‘चा, ची, चे’.

कोणाची, कशाची, हे मात्र कळत नाही. वाचणारा ओळीमागून ओळी पार करतो आणि मग शब्द येतो ‘मातुय’, आईनं. म्हणजे तीन समुद्रांचा तो विजेता, शकांचा पाडाव करणारा, हे सगळं ‘कोणाची आई’ या प्रश्नाचं उत्तर होतं. व्याकरणाच्या हिशेबानं सातवाहनांचा सर्वांत मोठा राजा त्या वाक्यात आपल्या आईचं विशेषण आहे. मुलगा गेलेल्या एका म्हाताऱ्या राणीनं त्याची आठवण अशी मांडली. याचे दहा छोटे तुकडे केले असते तर प्रत्येक तुकडा समजला असता, पण आईपर्यंत पोचण्याची ती वाट राहिली नसती.

लांबीचा प्रश्न एवढाच की वाट पाहायला लावून शेवटी काय देता. इथे आई मिळते.

करणारा गेला कुठे?

आता दुसरं टोक. कर्नाटकात श्रवणबेळगोळला ५७ फूट उंच गोमटेश्वराच्या पायाशी नागरी अक्षरांत मराठीतलं अगदी जुन्या वाक्यांपैकी एक वाक्य कोरलं आहे: ‘श्रीचावुण्डराजें करवियलें.’ चावुण्डराजानं करवून घेतलं. एवढंच.

काय करवून घेतलं? ते लिहिलेलंच नाही. लिहायची गरज नव्हती, मान वर केली की दिसतं. या वाक्याचं कर्म दगडात उभं आहे. आणि क्रियापद किती प्रामाणिक आहे! ‘केलें’ असं म्हटलेलं नाही. छिन्नी त्याच्या हातात नव्हती, म्हणून ‘करवियलें’. दोन शब्दांत कोणी आणि कसं, दोन्ही आलं.

त्याच्या शेजारी आजच्या सूचनांची भाषा ठेवते. नमुन्यासाठी एक मीच रचली आहे, पण घाट ओळखीचा वाटेल: ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, जलवाहिनी दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने शनिवार रोजी सकाळचा पाणीपुरवठा होऊ शकणार नाही तसेच रविवार रोजी कमी दाबाने पाणीपुरवठा करण्यात येईल, याची नोंद घेऊन सहकार्य करण्यात यावे.’

व्याकरण चोख आहे. पण सूचित कोण करतंय, काम कोण घेतंय, सहकार्य कोणी करायचंय, यातलं कोणीच वाक्यात नाही. ‘करण्यात येते’ या रचनेचा हाच गुण आहे: क्रिया होते आणि करणारा अदृश्य राहतो. शिवाय ज्या बाईला पहाटे उठून पाणी भरून ठेवायचं आहे, तिच्या कामाची गोष्ट मधल्या गर्दीत आहे. तेच असं सांगता येतं: ‘शनिवारी सकाळी पाणी येणार नाही. रविवारी कमी दाबानं येईल. आम्ही जलवाहिनी दुरुस्त करत आहोत.’ मजकूर तपासण्याचं काम करताना ‘करण्यात’ हा शब्द दिसला की मी दर वेळी एकच प्रश्न समासात लिहिते: कोणी?

सिंहस्थाला लाखो लोक नाशिकमध्ये येतात. त्यांच्यासाठी लागणाऱ्या फलकावरचं वाक्य गर्दीत चालता चालता एका नजरेत कळलं नाही तर वाट चुकते. ही काही साहित्याची हौस नव्हे.

पण मराठीत करणारा मागे ठेवतातच की!

ही शंका रास्त आहे. ‘पाणी आलं’, ‘दिवे गेले’, ‘मला राग आला’, असंच तर आपण बोलतो. करणारा दरवेळी पुढे आणायचा, असा नियम केला तर मराठी मराठी राहणार नाही. फरक हेतूचा आहे. ‘मी कप फोडला’ हा कबुलीजबाब आहे. ‘माझ्याकडून कप फुटला’ यात चूक मान्य आहे, पण मुद्दाम केलं नाही हेही आहे. ‘कप फुटला’ असं म्हणणारं पोर दाराकडे सरकत असतं. तिन्ही रचना खऱ्या आहेत. कुठली कधी वापरायची, हे कान सांगतो.

कर्ता मागे सरकवून मराठी काय करू शकते, याचं मला सर्वांत प्रिय उदाहरण हे: ‘आजीला आता जिना चढवत नाही.’

‘आजी जिना चढत नाही’ म्हटलं तर ती कदाचित चढायचंच टाळत असेल. ‘आजी जिना चढू शकत नाही’ हा डॉक्टरांच्या कागदावरचा निष्कर्ष झाला. ‘आजीला जिना चढवत नाही’ यात आजीची इच्छा आहे, पाय उचललाही आहे, शरीर ऐकत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मग त्यात ‘आता’ आहे, म्हणजे कालपरवापर्यंत ती चढत होती. वर गच्चीवर तिचे पापड वाळत असायचे, हे न लिहिताही कळतं. पाच शब्द, एकही अलंकार नाही, आणि घरातल्या कोणाच्याही तोंडून निघेल असं वाक्य. हे मी थोर वाक्य मानते.

आणि क्रियापदच नसेल तर?

क्रियापदावर एवढा भर दिला, तर मग ‘दिव्याखाली अंधार’, ‘घरोघरी मातीच्या चुली’ यांचं काय? आपल्या किती म्हणींत क्रियापदच नाही! त्याला कारण आहे. क्रियापदासोबत काळ येतो: होता, आहे, असेल. म्हणीला काळ नकोच असतो.

मग ओझं कोण पेलतं? ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ नेहमीच्या बोलण्यात ‘फार खळखळाट’ असं म्हणू. म्हणीनं ‘फार’ उचलून टोकाला नेला. ‘खळखळाट’ दगडांवरून वाहतो आणि ‘फार’वर येऊन थांबतो. ‘उथळ पाण्याला फार खळखळाट’ असं म्हणून पाहा. अर्थ शाबूत आहे, म्हण मेली आहे. नादाचंही तसंच. ‘काल काकूंनी कोथिंबिरीच्या काड्या कापून कोशिंबिरीत कालवल्या’ हे मी सगळे ‘क’ जुळवून केलेलं वाक्य. म्हणायला मजा येते, पण त्यातला ‘क’ कोशिंबिरीबद्दल काही सांगत नाही. खळखळाटातला ‘ख’ आणि ‘ळ’ पाण्याबद्दल सांगतात.

यंत्र हे सगळं शिकणार नाही का?

शब्दक्रम शिकेल, म्हणी शिकेल, आणि त्याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती माणसांच्या लेखनातही आहे. ‘नाशिक हे समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभलेले ऐतिहासिक शहर आहे.’ यात नाशिक काढून पैठण घाला, सातारा घाला, वाक्याला काही फरक पडत नाही. ‘नदी ओलांडली की पंचवटी लागते’ हे वाक्य साधं आहे, पण ते दुसऱ्या गावाला देता येत नाही. यंत्रानं लिहिलेलं असो की माणसानं, नाव बदलून पाहावं. वाक्य जागचं हललं नाही तर लिहिणाऱ्यानं नाशिककडे पाहिलेलंच नाही.

खेळायचंच असेल तर

शब्द जागचा हलवता येत नाही, याचा सर्वांत कडक नमुना म्हणजे स्वतःलाच मोजणारं वाक्य. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत.’ मोजा, पाचच आहेत. हे सोपं होतं. आता अक्षरं, जोडाक्षर एकच धरून: ‘या वाक्यात बारा अक्षरे आहेत.’ बरोबर. ‘तेरा’ लिहिलं तर खोटं, कारण अक्षरं बाराच राहतात. ‘अकरा’ लिहिलं तर तेरा होतात, म्हणजे तेही खोटं. ‘या वाक्यात बरोबर सोळा अक्षरे आहेत’ हेही खरं.

मग शब्द आणि अक्षरं दोन्ही एकदम मोजता येतील का? बरीच खाडाखोड केल्यावर हे जमलं: ‘या वाक्यात आठ शब्द व अठरा अक्षरे आहेत.’ शब्द आठ, अक्षरं अठरा. यातला ‘व’ काढून ‘आणि’ घातला तर अर्थ तोच राहतो, शब्दही आठच राहतात, पण अक्षरं एकोणीस होतात आणि वाक्य खोटं पडतं. मग ‘अठरा’ खोडून ‘एकोणीस’ लिहावं, तर ती वीस होतात.